क्रीडासंघांचे स्थलांतर, व्यावसायिक

एका शहराच्या नावाने खेळणारा व्यावसायिक संघ, त्याचे खेळण्याचे हक्क, करार व व्यवस्थापन यांसह दुसऱ्या शहरी कायमचा नेला जाणे, यास व्यावसायिक क्रीडासंघाचे स्थलांतर असे म्हणतात. दौऱ्यानिमित्त परगावी खेळणे किंवा एखादा सामना अडचणीमुळे अन्यत्र भरविणे यांचा यात समावेश होत नाही. मात्र पूर्ण हंगामापुरते झालेले तात्पुरते स्थलांतरही अर्थशास्त्रीय दृष्ट्या अभ्यसनीय ठरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही घटना विसाव्या शतकाच्या मध्यापासून वारंवार घडत आली आहे. भारतात शहरांच्या नावांच्या संघांची पद्धत २००८ नंतर रूढ झाली आणि अल्पावधीतच स्थलांतराची उदाहरणेही दिसू लागली. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांतील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या फुटबॉल संघाचे २०१९ मध्ये झालेले हैदराबादला स्थलांतर.

संघहक्काचे स्वरूप : व्यावसायिक क्रीडास्पर्धांचे दोन मुख्य प्रकार आढळतात. यूरोपातील फुटबॉलमध्ये खुली पद्धत आहे. तीत वरच्या श्रेणीतील शेवटचे संघ खालच्या श्रेणीत जातात व खालचे वर येतात. त्यामुळे कोणत्याही गावातील मंडळ गुणवत्तेच्या बळावर वर चढू शकते. अमेरिकेत व भारतातील लीग स्पर्धांत प्रामुख्याने बंदिस्त पद्धत आहे. तीत संघांची संख्या संयोजक मंडळ ठरविते आणि प्रत्येक संघाचा हक्क, म्हणजेच फ्रँचायझी, ठराविक रकमेस विकते. हा हक्क विकत घेणारा मालक खेळाडूंशी करार करतो, संघाला शहराचे नाव देतो व त्या प्रदेशात तिकीटविक्री आणि प्रायोजन यांपासून उत्पन्न मिळवितो. शहराचे नाव संघाला मिळते. पण संघावर शहराची मालकी नसते. स्थलांतराचा सर्व प्रश्न या विषमतेतून उद्‌भवतो.

उद्योगांच्या स्थाननिश्चितीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा पट्टा मुंबईच्या परिसरातील जुना औद्योगिक पट्टा आहे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यास उल्हास नदीच्या पाण्याची गरज होती. अंबरनाथ येथील काडेपेट्यांचा कारखाना व दारूगोळा निर्मितीचा शासकीय कारखाना यांना जमीन, रेल्वेमार्ग आणि मनुष्यबळ यांची. अशा कारखान्याची यंत्रे, इमारती व कुशल कामगार त्याला जागेशी बांधून ठेवतात. क्रीडासंघाची मुख्य संपत्ती मात्र करारपत्रे व नाव ही असते. स्टेडियम बहुधा शासनाच्या, महापालिकेच्या वा क्रीडासंघटनेच्या मालकीचे असते. त्यामुळे संघ हा अत्यंत हलका, सहज उचलता येणारा उद्योग ठरतो, आणि त्याच्यासाठी उभारलेली जड मालमत्ता मागे राहते.

उत्पन्न व खर्च : संघाच्या उत्पन्नाचे दोन भाग पडतात. पहिला मध्यवर्ती भाग होय. दूरदर्शन व इंटरनेट प्रक्षेपणाचे हक्क आणि स्पर्धेचे प्रायोजन यांतून मंडळाला मिळणाऱ्या रकमेचा वाटा संघांना दिला जातो. संघ कोणत्या गावी खेळतो यावर तो फारसा अवलंबून नसतो. दुसरा स्थानिक भाग होय. तिकीटविक्री, स्थानिक प्रायोजक, मैदानावरील खाद्यपेये व जाहिराती यांचा त्यात समावेश होतो. खर्चापैकी खेळाडूंचे वेतन व संघहक्काचे शुल्क कोठेही गेले तरी जवळजवळ सारखेच राहते. भाडे, सुरक्षा, प्रवास व मैदानाची निगा यांचा खर्च स्थानपरत्वे बदलतो. यावरून असे दिसते, की स्थलांतराचा निर्णय एकूण उत्पन्नावर नव्हे, तर स्थानिक उत्पन्न आणि स्थानिक खर्च यांच्या दोन गावांतील फरकावर ठरतो. भावी वर्षांत मिळणाऱ्या या फरकाचे आजचे मूल्य स्थलांतराच्या खर्चापेक्षा अधिक असेल, तर मालकास हलणे फायद्याचे ठरते.

केवळ उदाहरणादाखल पुढील हिशेब घेता येईल. एक संघ ‘अ’ शहरातील सार्वजनिक स्टेडियमला वर्षाला २ कोटी रु. भाडे देतो. ‘ब’ शहर तसेच स्टेडियम विनाभाडे देऊ करते आणि तेथे स्थानिक उत्पन्न वर्षाला १ कोटी रु. अधिक मिळेल अशी अपेक्षा आहे. मालकाचा वार्षिक लाभ ३ कोटी रु. झाला. दहा वर्षांच्या या लाभाचे १० टक्के व्याजदराने आजचे मूल्य सु. १८·४ कोटी रु. होते. स्थलांतराचा खर्च १२ कोटी रु. धरल्यास मालकास सु. ६·४ कोटी रुपयांचा निव्वळ फायदा आहे. परंतु या लाभातील २ कोटी रु. ही नवी निर्मिती नव्हे. ते ‘अ’ शहराच्या तिजोरीतून मालकाच्या खिशात गेलेले भाडे होय. समाजाच्या दृष्टीने खरी वाढ वर्षाला १ कोटी रुपयांची, म्हणजे आजच्या मूल्याने सु. ६·१ कोटी रुपयांची आहे आणि त्यासाठी १२ कोटी रु. खर्च झाले. मालकास नफा व समाजास सु. ५·९ कोटी रुपयांचा तोटा, असा परस्परविरोधी निष्कर्ष एकाच हिशेबातून निघतो. प्रेक्षकांना मिळणारा आनंद वा होणारी हळहळ यांचे मूल्य यात धरलेले नाही. तथापि खाजगी लाभ आणि सार्वजनिक लाभ वेगळे का असतात, हे त्यावरून ध्यानात येते.

अमेरिकेतील अनुभव : बेसबॉलमध्ये १९०३ नंतर पन्नास वर्षे एकही प्रमुख संघ हलला नव्हता. १९५३ मध्ये बॉस्टनचा ब्रेव्ह्‌ज संघ मिलवॉकीस गेला आणि ही स्थिती पालटली. बॉस्टनमध्ये १९५२ च्या हंगामात या संघास सु. २ लाख ८१ हजार प्रेक्षक लाभले होते. मिलवॉकीत पहिल्याच वर्षी ही संख्या १८ लाखांवर गेली. तेथील स्टेडियम परगण्याच्या शासनाने सार्वजनिक निधीतून बांधलेले होते. या यशामुळे इतर मालकांचे लक्ष वेधले गेले. १९५७ च्या हंगामानंतर न्यूयॉर्कमधील डॉजर्स व जायंट्स हे दोन्ही संघ अनुक्रमे लॉस अँजेल्स आणि सॅन फ्रान्सिस्को येथे गेले. पश्चिम किनाऱ्यावरील वाढती लोकसंख्या व जेट विमानांचा उदय ही त्यामागील कारणे होती. परंतु डॉजर्सच्या मालकास ब्रुकलिनमध्ये हव्या त्या ठिकाणी जमीन मिळाली नाही व लॉस अँजेल्सने ती देऊ केली, हेही तितकेच महत्त्वाचे कारण होते. मिलवॉकीचे सुखही टिकले नाही. ब्रेव्ह्‌ज संघ १९६६ मध्ये अटलांटास गेला.

पुढील काळात प्रेक्षकसंख्येपेक्षा सार्वजनिक अनुदानाचे महत्त्व वाढत गेले. मार्च १९८४ मध्ये मेरिलंड राज्याच्या विधिमंडळात संघ सक्तीने संपादन करण्याविषयीच्या कायद्याच्या हालचाली चालू असतानाच बॉल्टिमोर कोल्ट्स या संघाचे सामान एका रात्रीत मालमोटारींतून इंडियानापोलिसला नेण्यात आले. संघ गमावलेल्या बॉल्टिमोरने नंतर नव्या स्टेडियमच्या आश्वासनावर क्लीव्हलंडचा संघ १९९६ मध्ये आपल्याकडे ओढला. सेंट लुइसचा रॅम्स संघ २०१६ मध्ये लॉस अँजेल्सला परतला, तेव्हा त्याच्यासाठी सार्वजनिक कर्जातून बांधलेल्या स्टेडियमचे हप्ते लोकांना पुढेही काही वर्षे भरावे लागले. याबाबतच्या दाव्यात २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरची तडजोड झाली.

या घटनांचे मूळ कृत्रिम टंचाईत आहे. लीगचे मंडळ संघांची संख्या इच्छुक शहरांच्या संख्येपेक्षा नेहमी थोडी कमी ठेवते. त्यामुळे एखादे मोठे शहर संघाविना मोकळे राहते, आणि प्रत्येक मालकास आपल्या शहराला ‘नवे स्टेडियम द्या, अन्यथा आम्ही तेथे जातो’ असा धाक दाखविता येतो. लॉस अँजेल्समध्ये १९९५ ते २०१५ या काळात अमेरिकन फुटबॉलचा एकही संघ नव्हता. त्या रिकाम्या शहराच्या धाकाने इतर शहरांनी आपली स्टेडियमे सुधारून दिली. स्टेडियममुळे रोजगार वाढतो, हा अशा वेळी केला जाणारा युक्तिवाद बहुसंख्य अर्थशास्त्रज्ञांना मान्य नाही. प्रेक्षक सामन्यावर खर्च करतो ती रक्कम बहुतांशी तो एरवी त्याच शहरात चित्रपट, खानावळ वा अन्य करमणुकीवर खर्च करीत असतो. म्हणून एकूण स्थानिक उत्पन्नात फारशी भर पडत नाही, केवळ खर्चाची जागा बदलते, असे संशोधनात आढळून आले आहे.

पुण्याचे उदाहरण : भारतीय स्पर्धांत संघांची ओढाताण वेगळ्या कारणाने होते. येथे संघांसाठी शहरे स्टेडियम बांधून देत नाहीत. संघ अस्तित्वात असलेली सार्वजनिक वा संघटनेची मैदाने भाड्याने घेतात. क्रिकेटमधील इंडियन प्रीमियर लीगमध्ये मध्यवर्ती उत्पन्न प्रचंड आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यामुळे तेथे स्थानिक उत्पन्नाचे प्रमाण गौण ठरते. फुटबॉलमध्ये मध्यवर्ती व स्थानिक अशी दोन्ही उत्पन्ने तुटपुंजी असून तूट मालकास भरून काढावी लागते.

पुणे शहराने या दोन्ही प्रकारांचा अनुभव घेतला आहे. सहारा समूहाने मार्च २०१० मध्ये पुण्याच्या क्रिकेट संघाचा हक्क ३७ कोटी डॉलर या त्या वेळच्या सर्वोच्च किंमतीस घेतला. गहुंजे येथील स्टेडियम तयार नसल्याने पुणे वॉरियर्स संघ २०११ मध्ये आपले ‘घरचे’ सामने नवी मुंबईतील नेरूळ येथे खेळला व २०१२ मध्ये गहुंजेस आला. सामन्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी झाल्याने शुल्कात सवलत मिळावी या मागणीवरून मालक व मंडळ यांत वाद झाला आणि २०१३ मध्ये हा संघ संपुष्टात आला. २०१५ च्या अखेरीस दोन निलंबित संघांच्या जागी दोन वर्षांपुरते संघ निवडताना उलट्या बोलीचा प्रयोग झाला. पुण्याचा हक्क घेणाऱ्याने मध्यवर्ती उत्पन्नातील वाटा न घेता उलट मंडळालाच वर्षाला १६ कोटी रु. देण्याची तयारी दाखविली. मुदत संपताच २०१७ नंतर हाही संघ विसर्जित झाला.

फुटबॉलमधील घटनाक्रम अधिक बोलका आहे. पुणे एफ. सी. हा २००७ मध्ये स्थापन झालेला संघ राष्ट्रीय लीगमध्ये खेळत होता. त्याच शहरात २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी एफ. सी. पुणे सिटी हा नवा संघ निघाला. जुना संघ २०१५ मध्ये बंद पडला आणि त्याची प्रशिक्षण प्रबोधिनी नव्या संघाने घेतली. राष्ट्रीय लीगमध्येच भारत एफ. सी. हा पुण्यातील आणखी एक संघ केवळ एक हंगाम टिकला. एफ. सी. पुणे सिटी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळत असे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी राज्य शासनाने ते उभारले होते. २०१७–१८ मध्ये संघाने उपान्त्य फेरी गाठली. परंतु वाधवान हा मालक समूह २०१८–१९ मध्ये आर्थिक अडचणीत आला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये संघाची लीगमधील जागा हैदराबादच्या नव्या मालकांना मिळाली. हैदराबाद एफ. सी. या नावाने तो संघ मार्च २०२२ मध्ये विजेता ठरला. मात्र साथीच्या रोगामुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यात खेळला गेला होता. पुढे तेथेही आर्थिक चणचण भासून मालकी बदलली व २०२५ मध्ये हा संघ दिल्लीस हलविण्यात आला. पुणे, हैदराबाद व दिल्ली असा एकाच जागेचा सहा वर्षांतील प्रवास झाला.

योगायोगाची गोष्ट अशी, की दिल्लीचा मूळ संघही ऑगस्ट २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेला होता. ओडिशा शासनाने त्याला कलिंग स्टेडियम व प्रायोजन दिले. कलिंग स्टेडियमचे काम चालू असल्याने ओडिशा एफ. सी. या नव्या संघाने आपले पहिले काही घरचे सामने बालेवाडीस खेळले. आपला संघ नुकताच गमावलेल्या पुणेकरांना आपल्याच मैदानावर दुसऱ्या राज्याचा संघ यजमान म्हणून पाहावा लागला. पुण्यात प्रेक्षक नव्हते म्हणून संघ गेला, असे म्हणता येत नाही. दिल्लीसारख्या महानगरातून संघ भुवनेश्वरला गेला, तोही तेथील लोकसंख्या अधिक होती म्हणून नव्हे. भारतात संघ प्रेक्षकांच्या संख्येमागे जात नाही; त्याची तूट जो भरून काढील त्याच्यामागे जातो, मग तो खाजगी मालक असो वा राज्य शासन असो. अमेरिकेतील अनुदानाची स्पर्धा व भारतातील मालकांचा शोध या वरवर भिन्न दिसणाऱ्या गोष्टींचे सूत्र एकच आहे.

तात्पुरती स्थलांतरे : काही स्थलांतरे हंगामापुरती असतात. तेलंगण आंदोलनामुळे हैदराबादचा क्रिकेट संघ २०१० मध्ये नागपूर, कटक व नवी मुंबई येथे खेळला. कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने २०१८ मध्ये पुण्यास झाले. संघाने आपल्या समर्थकांसाठी चेन्नईहून खास रेल्वेगाडी सोडली. महाराष्ट्रातील दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये महिनाअखेरीनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. त्यानुसार १३ सामने हलविले गेले. मुंबई व पुणे या दोन्ही संघांनी विशाखापटनम हे पर्यायी ठिकाण निवडले आणि अंतिम सामना बंगळूरूस झाला. खेळपट्ट्या व हिरवळ यांसाठी लागणारे पाणी हा वादाचा विषय होता. बारवी धरण व उल्हास नदी यांवर अवलंबून असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथेही त्या वर्षी पाणीकपात चालू होती. त्यामुळे करमणुकीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न तेथील रहिवाशांना केवळ तात्त्विक नव्हता. सामने गेल्याने स्थानिक उपाहारगृहे, वाहतूकदार व मैदानावरील रोजंदारीचे कामगार यांचे उत्पन्न बुडाले. मंडळाच्या प्रक्षेपण उत्पन्नाला मात्र विशेष धक्का बसला नाही. मध्यवर्ती उत्पन्न स्थानापासून किती सुटे झाले आहे, याची ही कसोटीच होती.

कबड्डीत ही प्रक्रिया आणखी पुढे गेली आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये प्रथम प्रत्येक संघाच्या शहरी काही दिवस सामने होत. मैदान उपलब्ध नसल्याने बंगळूरूचा संघ २०१७ मध्ये आपले घरचे सामने नागपुरास खेळला. पुढे खर्च वाचविण्यासाठी मोजक्या शहरांतच पूर्ण हंगाम भरविण्याची रीत पडली. २०२५ च्या बाराव्या हंगामातील सामने विशाखापटनम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाले. यू मुंबा व पुणेरी पलटण हे संघ त्या हंगामात महाराष्ट्रात एकही सामना खेळले नाहीत. संघ कागदोपत्री हलला नाही, नावही तेच राहिले. पण घर उरले नाही. कबड्डीची पाळेमुळे महाराष्ट्रातील मंडळांच्या अंगणात रुजलेली असल्याने ही गोष्ट विशेष विचारार्ह आहे.

उपनगरी शहरांचे स्थान : मोठ्या शहराच्या नावाने चालणाऱ्या संघात भोवतालच्या शहरांचे स्थान काय, हा प्रश्न उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्याच्या संदर्भात तपासता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार या तीन शहरांची लोकसंख्या अनुक्रमे सु. ५·०६ लाख, २·५३ लाख व १·७४ लाख, म्हणजे एकत्रित ९ लाखांहून अधिक होती. १९५३ मध्ये ब्रेव्ह्‌ज संघ मिलवॉकीस गेला, तेव्हाच्या त्या शहराच्या लोकसंख्येपेक्षा ही संख्या मोठी आहे. तरीही येथे व्यावसायिक संघ आणण्याचा विचार कोणताही मालक करीत नाही. त्याची कारणे तीन आहेत. पहिले, मोठे स्टेडियम व त्यासाठी लागणारी सलग जमीन यांची उणीव. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून वाढलेले व १९४९ मध्ये नामकरण झालेले अत्यंत दाट वस्तीचे शहर असून तेथे जमिनीची किंमत इतर उपयोगांमुळे चढी आहे. दुसरे, प्रायोजक कंपन्यांची कार्यालये मुंबईत एकवटलेली आहेत. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण असे, की येथील प्रेक्षक मुंबईच्या संघाला प्रक्षेपणाद्वारे आधीच मिळालेले आहेत. संघ बदलापुरास नेला तरी मध्यवर्ती उत्पन्नात एका रुपयाचीही भर पडणार नाही.

मैदानावर जाणाऱ्या प्रेक्षकाचे गणित निराळे असते. तिकिटाच्या किंमतीत प्रवासाचा वेळ व खर्च मिळविला म्हणजे सामन्याची खरी किंमत कळते. मुंबई सिटी एफ. सी. हा संघ २०१४ व २०१५ मध्ये नेरूळला खेळला आणि २०१६ पासून अंधेरीच्या लहान मैदानात आला. नकाशावर हे अंतर किरकोळ आहे. पण बदलापूर वा अंबरनाथच्या प्रेक्षकास पूर्वी ठाण्याला गाडी बदलून थेट नेरूळ गाठता येत असे. आता त्याला घाटकोपरला मेट्रो किंवा दादरला पश्चिम रेल्वे पकडावी लागते आणि रात्री सामना संपल्यावर कर्जतच्या दिशेची उशिराची गाडी गाठायची असते. अंधेरी परिसरातील रहिवाशांना मात्र तेच मैदान जवळ आले. एकाच महानगरातील स्थलांतरही अशा रीतीने एका प्रेक्षकवर्गाकडून दुसऱ्याकडे लाभ सरकविते.

येथून एक व्यवहारोपयोगी निष्कर्ष निघतो. एखाद्या नगरपालिकेने वा महापालिकेने व्यावसायिक संघ येईल या आशेने मोठे स्टेडियम बांधणे हा धोक्याचा व्यवहार होय, कारण संघ वर्षातील मोजकेच दिवस खेळतो आणि निघून जाण्यास मोकळा असतो. शाळा, तालीम व कबड्डी मंडळे यांना वर्षभर उपयोगी पडणारी खुली मैदाने कमी खर्चात होतात आणि त्यांचा लाभ कोणताही मालक उचलून नेऊ शकत नाही.

नियंत्रणाचे उपाय : स्थलांतरावर निर्बंध घालण्याचे चार मार्ग अवलंबिले गेले आहेत. (१) लीगची पूर्वसंमती व शुल्क : रॅम्स संघाला स्थलांतरासाठी इतर मालकांना ५५ कोटी डॉलर द्यावे लागले. हे शुल्क मात्र लीगलाच मिळते. सोडलेल्या शहराला नव्हे. (२) भाडेकराराची बंधने : सीॲटलचा बास्केटबॉल संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीस गेला, तेव्हा भाडेकराराची मुदत शिल्लक असल्याने शहराला ४·५ कोटी डॉलरच्या भरपाईची तडजोड करता आली. (३) नावावरील हक्क : क्लीव्हलंडने १९९६ मध्ये संघाचे नाव, रंग व विक्रम आपल्याकडे राखले आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा केला. (४) समर्थकांची मालकी : विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे हे सु. १ लाख वस्तीचे गाव असूनही तेथील संघ १९२३ पासून नागरिकांच्या भागभांडवलावर चालतो व हललेला नाही. इंग्लंडमध्ये विंबल्डनचा फुटबॉल संघ २००३ मध्ये मिल्टन कीन्झला गेला. त्याला संमती मिळताच समर्थकांनी २००२ मध्ये स्वतःचे नवे मंडळ काढून ते तळाच्या श्रेणीपासून वर आणले. खुल्या पद्धतीमुळेच हे शक्य झाले. बंदिस्त लीगमध्ये सोडून दिलेल्या शहराला हा मार्ग उपलब्ध नसतो.

भारतातील बहुतेक मैदाने सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली आहेत. त्यामुळे दीर्घ मुदतीचा भाडेकरार, मुदतीपूर्वी गेल्यास भरपाई, प्रशिक्षण प्रबोधिनी शहरातच ठेवण्याची अट व शहराच्या नावाच्या वापरावरील हक्क या गोष्टी संघ येण्यापूर्वीच ठरवून घेणे स्थानिक संस्थांना शक्य आहे. संघ आल्यानंतर त्यांची वाटाघाटीची शक्ती झपाट्याने कमी होते आणि तो जाण्याच्या बेतात असताना ती जवळजवळ नाहीशी होते. पुण्याचा संघ गेला, तेव्हा शहराच्या हाती यांपैकी काहीही नव्हते; राहिले ते बालेवाडीचे मैदान, त्याच्या देखभालीचा खर्च आणि पाच हंगाम ज्याला आपला म्हटले त्या संघाचे पाठीराखे.